शेजाऱ्याच्या दारावरचा पहारा

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, पाच नंबर आणि सात नंबर. शेजारीच नानवीजला जवानांचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे ‘बंदोबस्त’ हा शब्द इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो. कुणाचे वडील गणपतीच्या बंदोबस्ताला गेलेले असतात, कुणाचे मामा निवडणुकीच्या, तर कुणाचा भाऊ गडचिरोलीत असतो. शिरूर तालुक्यात २०१८ च्या १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ जे घडले, त्यानंतर दरवर्षी त्या तारखेला नगर रस्त्यावर केवढा फौजफाटा उभा असतो, हे शिरूरकरांनी पाहिले आहे. या सगळ्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि त्याबद्दल आपण सहसा काही बोलत नाही.

मात्र पुण्याला कॅम्पात गेल्यावर लाल देवळाच्या फाटकाशी पोलीस दिसला, की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाळावर आठी पडते. लाल देऊळ म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड सिनेगॉग. ‘एवढे मूठभर लोक, त्यांच्यासाठी सरकारी पहारा कशाला?’ असे कुणी विचारते. ‘गाझात काय चालले आहे ते बघा आणि इथे त्यांना संरक्षण,’ असे दुसरा म्हणतो. ‘आपल्या पोरांची शिष्यवृत्ती बंद होते, त्यांच्यासाठी मात्र पैसा आहे,’ ही तक्रारही ऐकू येते. शिष्यवृत्तीचे दुःख खोटे नाही. केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद केली. अर्ज भरून बसलेल्या आईबापांना काय उत्तर द्यायचे, हे आम्हा शिक्षकांना त्या वर्षी सुचत नव्हते.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. लाल देवळाच्या दारावरचा पहारा योग्य आहे आणि त्यावर सरकारी पैसा खर्च होणेही योग्य आहे. त्यांच्या दारावरच्या पहाऱ्याला आपण नाके मुरडली, तर आपल्या मशिदीसाठी पहारा मागताना आपल्याच तोंडून शब्द फुटणार नाही. हे असे का, ते सविस्तर मांडतो.

आपले शनिवार तेली

महाराष्ट्रातले ज्यू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचे इस्रायली सैनिक येतात. खरे तर इथले बहुतेक ज्यू हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणचे मराठी लोक. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. रायगडच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. घरात बोली मराठी. १८७४ मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाचे हग्गादा हे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापले गेले. या समाजात मराठी कीर्तनेही होत. इस्रायलला स्थायिक झालेल्यांनी तिथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

आपल्याशी त्यांचे नाते तर आणखी जवळचे आहे. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’च म्हणत. मुंबईत मांडवीला सॅम्युएल स्ट्रीटवर सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले शार हारहमीम हे त्यांचे पहिले सिनेगॉग. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखत, आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे ‘बनी इस्राईल’, असे टिपूच्या घरातील स्त्रियांच्या लक्षात आल्यामुळे त्यांचा जीव वाचला आणि सुटून आल्यावर त्यांनी हे प्रार्थनास्थळ बांधले, अशी आख्यायिका तो समाज आजही सांगतो.

आता स्वयंपाकघरात येऊ. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी बेने इस्राएल घरांत हजरत इलियास, म्हणजे त्यांचे एलियाहू हनाबी, यांच्या नावाने ‘मलिदा’ होतो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वर फळे आणि सुका मेवा. आपल्याकडचा मलिदा चपातीचा असतो. नियाज-फातिहाबद्दल कुणाचे मत काहीही असो, पण शब्द एकच आणि पदार्थामागची भावनाही जवळची, हे कुठल्याही आजीला सांगावे लागणार नाही. सुंता, डुकराचे मांस वर्ज्य असणे, जिभेवर असलेली इब्राहीम, याकूब, यूसुफ, मूसा ही नावे, ही सगळी सामायिक मालमत्ता आहे.

बेने इस्राएलांखेरीज बगदादहून आलेले ज्यूही आपल्या राज्यात होते. त्यांतले डेव्हिड ससून हे बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून निघाले आणि मुंबईत येऊन मोठे झाले. जाच करणारा सुभेदार मुसलमान होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यांच्या देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ मध्ये उभे राहिले, आणि त्याच वर्षी लाल देऊळही पूर्ण झाले. ससून यांची कबर तिथेच आहे. शिरूर-दौंडच्या सरकारी दवाखान्यातून ‘पुण्याला न्या’ असे सांगितले, की आपण पेशंटला जिथे घेऊन धावतो, ते हेच ससून. तिथे दारात कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. मुंबईत भायखळ्याला मॅगेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत आज बहुसंख्य मुले मुसलमानांची आहेत. कोलकात्याच्या ज्यू गर्ल्स स्कूलमध्येही तेच. ज्यूंनी बांधलेल्या वर्गात आपल्या मुली शिकतात आणि कुणालाही त्याचे नवल वाटत नाही.

पहारा कधी आला

शतकानुशतके या लोकांच्या दारावर शिपाई नव्हता. जगात अनेक देशांत ज्यूंचा छळ झाला, इथे झाला नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. कोकणात त्यांचे शेजारी हिंदूही होते आणि मुसलमानही. ही आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांची कमाई आहे.

ती मोडली २६ नोव्हेंबर २००८ ला. पाकिस्तानातून आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबईत ताज, ओबेरॉय, सीएसटीबरोबर कुलाब्याच्या नरिमन हाऊसलाही लक्ष्य केले. तिथे छबाड हाऊस होते, म्हणजे परदेशी ज्यू प्रवाशांचे उतरण्याचे आणि प्रार्थनेचे ठिकाण. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण तिथे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युएल हिने उचलून बाहेर आणले. दीड वर्ष उलटायच्या आत, १३ फेब्रुवारी २०१० ला, पुण्यात कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ माणसे गेली. ती बेकरीही छबाड हाऊसच्या जवळच होती. तेव्हापासून मुंबई-पुण्यातल्या ज्यू ठिकाणांवर पहारा वाढला. लाल देऊळ पाहायचे असेल तर आज आधी परवानगी आणि ओळखपत्र लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझाचे युद्ध सुरू झाल्यावर हा बंदोबस्त पुन्हा वाढवण्यात आला.

२६/११ ला मुंबईच्या मुसलमानांनी काय केले, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना आपल्या कब्रस्तानात जागा देणार नाही, असे मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानच्या विश्वस्तांनी ठामपणे सांगितले. ज्यांनी निरपराध माणसे मारली त्यांना आमचे म्हणू नका, असा त्याचा अर्थ होता. त्या हल्ल्यात मुसलमानही मोठ्या संख्येने मेले होते. ती भूमिका एका दिवसापुरती नव्हती. आज सिनेगॉगच्या पहाऱ्याकडे आपण कसे पाहतो, यावरून आपण ती किती मनापासून घेतली होती हे ठरणार आहे.

सरकार नेमके काय देते

आता पैशाकडे वळू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

आपल्या राज्यात ज्यू समाजाला सरकारकडून मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे पोलीस बंदोबस्त. तो गृह विभागाच्या नेहमीच्या खर्चातून होतो. ईदच्या नमाजाला ईदगाहबाहेर उभ्या असलेल्या पोलिसाचा पगार जिथून निघतो, तिथूनच लाल देवळाच्या पोलिसाचाही निघतो.

दुसरी म्हणजे अल्पसंख्याक दर्जा. १९९२ च्या राष्ट्रीय कायद्याखाली अधिसूचित समाज सहा: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. ज्यू त्यात नाहीत. महाराष्ट्र सरकारने त्यांना जून २०१६ मध्ये राज्यापुरता अल्पसंख्याक दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत राज्यात ज्यूंची संख्या जेमतेम अडीच हजारांच्या घरात होती. आपली त्याच जनगणनेतली संख्या सुमारे १ कोटी ३० लाख. राज्याच्या अल्पसंख्याक योजनांच्या शासन निर्णयांत आता ‘जैन’च्या पुढे ‘ज्यू’ हा शब्द येतो. शाळेत कागद भरताना तो दिसतो, पण त्या रकान्यात शिरूर किंवा दौंडच्या शाळेत टिकमार्क करण्याचा प्रसंग क्वचितच येणार.

म्हणजे प्रत्यक्षात ते किती घेऊन जातात? आपल्या बहुतेक योजना संख्येवर चालतात. शाळांच्या पायाभूत सुविधांचे अनुदान हवे तर पटावर अल्पसंख्याक मुले ७० टक्के लागतात. ज्या समाजाची मुले एका वर्गात मावतील एवढीच उरली आहेत, त्याच्या ताटात अशा योजनेतून काय पडणार? त्यांच्यामुळे आपला घास कमी झाला, हा हिशेबच चुकीचा आहे. आपली शिष्यवृत्ती बंद झाली ती दिल्लीच्या निर्णयाने. तिचा जाब तिथेच विचारला पाहिजे. भायखळ्याच्या किंवा रास्ता पेठेच्या वृद्ध ज्यू जोडप्याला विचारून काय मिळणार?

दुसऱ्याच्या वाट्याकडे बोट दाखवण्याची सवय किती महागात पडते, हे आपण स्वतः अनुभवले आहे. २८ नोव्हेंबर २०२४ ला राज्य वक्फ मंडळाच्या बळकटीकरणासाठी १० कोटी रुपये देण्याचा शासन निर्णय निघाला. लगेच ‘त्यांना एवढा पैसा कशाला’ असा गदारोळ उठला आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला. वक्फच्या जमिनींची मोजणी, नोंदी, अतिक्रमणे या कामांसाठी मनुष्यबळ लागते, हे तेव्हा कुणी ऐकून घेतले नाही. ‘त्यांना कशाला’ हा प्रश्न आपल्याला टोचला, तर तोच प्रश्न आपण त्याहून लहान समाजाबद्दल विचारू नये.

परदेशात कसे चालते

बाहेरच्या काही देशांत प्रार्थनास्थळांच्या सुरक्षेसाठी सरकार थेट अनुदान देते. ब्रिटनमध्ये २०१५ पासून ज्यू शाळा आणि सिनेगॉगच्या रखवालदारांसाठी, कॅमेऱ्यांसाठी, मजबूत दारांसाठी सरकारी निधी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो पुढील चार वर्षांसाठी वाढवून सुमारे ७ कोटी पौंड करण्याचे जाहीर झाले. मार्च २०२४ मध्ये त्याच सरकारने मशिदी, मुस्लिम शाळा आणि केंद्रांसाठी चार वर्षांत ११ कोटी ७० लाख पौंड जाहीर केले.

इथे बारकाईने पाहा. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार मुसलमान सुमारे ३९ लाख आणि ज्यू सुमारे २ लाख ७० हजार. माणशी पाहिले तर ज्यूंना जास्त मिळते. पण पहारा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटता येत नाही, तो धोका पाहून ठेवावा लागतो. दहा घरांच्या वस्तीवर दरोड्याचे सावट असेल तर गस्त तिथेच घालावी लागते. अमेरिकेत २००५ पासून ना-नफा संस्थांसाठी असाच सुरक्षा निधी आहे. २०२४ साली तो ४५ कोटी डॉलरहून अधिक होता. तो मागताना आपल्या इमारतीला कुठून धोका आहे, दार-खिडक्या कशा आहेत, पैसा कशावर खर्च करणार, हे सगळे लिहून द्यावे लागते. सिनेगॉग, मशीद, चर्च, गुरुद्वारा, मंदिर, सगळ्यांना तो खुला आहे.

दारावर केलेला खर्च किती मोलाचा असतो, याची दोन उदाहरणे एकाच वर्षातली आहेत. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्म्याच्या नमाजाला एक माथेफिरू बंदूक घेऊन घुसला आणि ५१ नमाजी शहीद झाले. ९ ऑक्टोबर २०१९ ला जर्मनीत हाले शहरात तसाच द्वेष डोक्यात घेतलेला माणूस सिनेगॉगवर चालून गेला. तो ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपवासाचा दिवस होता आणि आत पन्नासहून अधिक माणसे होती. दार बंद होते आणि त्याच्या गोळ्यांनी ते उघडले नाही. बाहेर दोघांचा बळी गेला, पण आतले सगळे वाचले. मशीद आणि सिनेगॉग या दोन्हींवर चालून जाणाऱ्यांच्या डोक्यातला द्वेष एकच होता. मग दोन्हीकडच्या दारांसाठी एकत्र बोलायला काय हरकत आहे?

दीन काय सांगतो

आपल्यासाठी खरा निकष दीनचा. सूरह हज्जच्या ४० व्या आयतीत अल्लाहने ज्या प्रार्थनास्थळांचा उल्लेख करून त्यांच्या रक्षणाची गोष्ट सांगितली आहे, त्यात मठ आहेत, चर्च आहेत, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आहेत आणि मशिदी आहेत. मशिदीचा उल्लेख शेवटी आला आहे. ज्याने ही आयत वाचली, त्याला सिनेगॉगचे रक्षण परके वाटू नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोरून एकदा जनाजा गेला आणि ते उठून उभे राहिले. हा तर यहुद्याचा जनाजा, असे कुणी लक्षात आणून दिले, तेव्हा तोही एक जीवच होता, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. सहीह बुखारीत ही हदीस आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोहोचला का, हे त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल प्रेषितांनी दिलेली ताकीद त्यांना आठवत होती.

सरकारी पैशाबद्दल तर थेट दाखला आहे. इमाम अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये नोंदवले आहे, की हजरत उमर (रजि.) यांना एका दारात भीक मागणारा म्हातारा, दृष्टी गेलेला माणूस दिसला. तो यहुदी निघाला. हजरत उमर त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले, होते ते दिले आणि बैतुलमालच्या अधिकाऱ्याला निरोप पाठवला, की याची आणि याच्यासारख्यांची सोय करा. तरुणपणी ज्याच्याकडून घेतले त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे न्यायाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बैतुलमाल म्हणजे जनतेची तिजोरी. तिच्यातून यहुद्याला देताना खलिफांना संकोच वाटला नाही.

गाझाचे काय?

गाझात हजारो मुले मारली गेली. दवाखाने, शाळा, पाण्याच्या टाक्या उद्ध्वस्त झाल्या. त्याचे दुःख ज्याला होत नाही त्याचे काळीज तपासावे लागेल. इस्रायल सरकारच्या या कृत्यांचा निषेध सनदशीर मार्गाने करणे हा आपला हक्क आहे. जगात अनेक ज्यूही तो करतात.

पण त्या सरकारचा हिशेब अलिबागच्या पेणकर-रोहेकरांकडून मागायचा नाही. कुठे एखाद्या मुस्लिम नावाच्या माणसाने स्फोट घडवला, की दुसऱ्या दिवशी शिरूरच्या बाजारात आपल्या पोराकडे संशयाने पाहिले जाते. तेव्हा आपण म्हणतो, त्याच्या पापाशी आमचा काय संबंध? हे म्हणणे बरोबर आहे. मग तीच मोजपट्टी ज्यू शेजाऱ्यालाही लावली पाहिजे. एकाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नये, हे कुराणाचे तत्त्व आपल्यापुरतेच राखून ठेवलेले नाही.

१४ डिसेंबर २०२५ ला ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडाय समुद्रकिनाऱ्यावर ज्यूंच्या हनुक्का सणाच्या मेळाव्यावर गोळीबार झाला आणि १५ जणांचे प्राण गेले. हल्लेखोर बापलेक स्वतःला मुसलमान म्हणवणारे होते. त्यांतल्या एकावर झडप घालून बंदूक हिसकावून घेणारा अहमद अल-अहमद हाही मुसलमान, सीरियातून तिथे आलेला फळविक्रेता. स्वतः गोळ्या लागून तो जखमी झाला. मुलांना गोष्ट सांगायची तर अहमदची सांगावी.

आता आपल्या दाराकडे

हा विषय आपल्यापासून किती जवळ आहे, हे गेल्या वर्षी दौंड तालुक्याने पाहिले. १ ऑगस्ट २०२५ ला यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून जमाव भडकला. दगडफेक, जाळपोळ झाली, मशिदीचे नुकसान झाले, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. सोलापूर रस्त्यावरचे हे रोजच्या येण्याजाण्याचे गाव. त्या दिवशी बंदोबस्ताची गरज आपल्याला होती.

नुकसान झाल्यावर सरकारने प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला पैसे द्यावेत का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २००२ च्या गुजरात दंगलीत मोडलेल्या मशिदी-दर्ग्यांच्या दुरुस्तीचा खर्च राज्याने द्यावा, असा आदेश गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो रद्द केला आणि जास्तीत जास्त ५० हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीची राज्याची योजना मान्य केली. राज्यघटनेचे २७ वे कलम एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर लावायला मनाई करते. माणसाचा जीव आणि मालमत्ता राखणे हा धर्माचा प्रसार नाही. ते राज्याचे पहिले काम आहे. पण पाडल्यावर मिळणारी मदत तुटपुंजी असते, हे या निकालाने कळले. म्हणून संरक्षण आधी मागायला हवे, आणि ते कागदावर मागायला हवे.

त्यासाठी काही साधी कामे आपल्या हातात आहेत. मशीद, मदरसा, कब्रस्तान यांची नोंद वक्फ मंडळाकडे झाली आहे का, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर काय लिहिले आहे, हे विश्वस्तांनी या महिन्यातच तपासावे. कब्रस्तानची भिंत, दिवे, रस्ता यांसाठी ग्रामसभेत ठराव करून अल्पसंख्याक क्षेत्र विकासाच्या योजनेतून मागणी करावी. मोठ्या सणाआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. फोनवर केलेल्या विनंतीचा पुरावा राहत नाही. शांतता समितीच्या बैठकीला फक्त फोटोपुरते न जाता आपले मुद्दे लिहून न्यावेत. कॅमेरे बसवताना एक रस्त्याकडे तोंड करून लावावा आणि त्याचे चित्रण किती दिवस साठते ते पाहावे. इमारतीचा विमा काढावा. आणि घरातल्या तरुणांना एवढे सांगावे, की आलेली पोस्ट पुढे ढकलण्याआधी एक रात्र थांबा. एका पोस्टने यवतमध्ये काय केले ते समोर आहे.

बायकांनीही यात मागे राहू नये. मशिदीच्या कमिटीत त्या नसतील, पण ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत त्या बसू शकतात. मदरशातून मुली एकट्या परततात तो रस्ता अंधारा असेल, तर त्यावर दिवा मागणे हीसुद्धा समाजाच्या सुरक्षेचीच मागणी आहे.

अशी मागणी घेऊन आपण जाऊ तेव्हा कुणीतरी नक्की विचारेल, ‘यांना कशाला?’ त्या वेळी आपले उत्तर असले पाहिजे, ‘जसे लाल देवळाला, जसे चर्चला, जसे मंदिराला, तसेच आम्हालाही.’ हे उत्तर तोंडात शोभावे म्हणून आजपासून लाल देवळाच्या पहाऱ्याकडे आपलेपणाने पाहू या. अडीच हजार माणसे ज्या राज्यात निर्धास्त झोपतात, त्या राज्यात एक कोटी तीस लाखांनाही निर्धास्त झोपता येईल, इन्शाअल्लाह.